कवळीच्या मसाल्यातून घडलेले नख : ॲक्रिलिक नखे, सलून आणि घर

१/
ॲक्रिलिकची नखे सलूनमध्ये बसवून घ्यावीत की घरच्या घरी? आज हा प्रश्न केवळ हौसेचा आणि खर्चाचा वाटतो. सलूनमध्ये पैसे अधिक जातात, घरी खटाटोप अधिक पडतो. एवढाच फरक, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या प्रश्नामागे सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात दंतवैद्य आहेत, लढाऊ विमाने आहेत, सायगाव सोडून निघालेल्या निर्वासित स्त्रिया आहेत, न्यायालयाचा मनाई हुकूम आहे आणि एका तान्ह्या मुलाचा मृत्यूही आहे. या साऱ्या घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : नख स्वस्त होते, तेव्हा त्याची उरलेली किंमत कोण मोजते?

#थ्रेड #इतिहास

२/
लांब नख हे फार प्राचीन काळापासून रिकामपणाचे चिन्ह मानले गेले. चीनच्या छिंग राजवटीतील राजमाता त्सशी हिची १९०३–०४ च्या सुमाराची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. अनामिका आणि करंगळीवर चढवलेली लांबलचक नखत्राणे त्यांत स्पष्ट दिसतात. त्या नखांचा अर्थ दरबारात कोणालाही समजावून सांगावा लागत नसे : या हातांना काम करावे लागत नाही. काम करणाऱ्या हाताचे नख तुटते, झिजते, मळते. म्हणून लांबी ही श्रीमंतांची मिरास होती. ॲक्रिलिकने हे गणित उलटे केले. लांब नख काम करणाऱ्या हातांवर आले आणि ते घडवण्यासाठी दुसऱ्या काम करणाऱ्या हातांची गरज भासू लागली.

३/
त्याआधी आला तो रंग. १९१७ मध्ये अमेरिकेत ‘क्युटेक्स’ने द्रवरूप नेलपॉलिश बाजारात आणले. १९३२ मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन काळात, चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि रसायनांचा जाणकार चार्ल्स लॅकमन यांनी ‘रेव्हलॉन’ची स्थापना केली, तिचा पहिला माल होता नेलपॉलिशच. रंग स्वस्त होता, बाटलीत मावत होता आणि घरी बसून लावता येत होता. परंतु बाटलीतून रंग मिळत असे, लांबी नाही. ज्या नखावर रंग लावायचा ते नख स्वतःचेच वाढवावे लागे. धुणीभांडी करणाऱ्या किंवा टंकलेखन यंत्रावर दिवस काढणाऱ्या स्त्रीला ते क्वचितच साधत असे.

४/
लांबीचे रहस्य सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात सापडले नाही. ते सापडले काचेला पर्याय शोधणाऱ्या रसायनशास्त्रात. मिथाइल मेथाॲक्रिलेट या द्रवापासून पारदर्शक, कठीण प्लास्टिक तयार होते. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये त्याला ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव दिले. ब्रिटनमध्ये तेच ‘पर्स्पेक्स’ म्हणून ओळखले गेले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांवरील पारदर्शक छत्र्या याच पदार्थाच्या असत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यांनीही तो उचलला. तोवर कवळीचा हिरडीसारखा भाग कडक रबराचा असे. त्याची जागा गुलाबी ॲक्रिलिकने घेतली.

५/
दंतवैद्यांना ॲक्रिलिक आवडले ते त्याच्या एका गुणामुळे. द्रव आणि भुकटी एकत्र केली की काही काळ मऊ पीठ तयार होते, त्याला हवा तो आकार देता येतो आणि मग ते दगडासारखे घट्ट होते. द्रवातील सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात. भुकटीतील बेन्झॉइल पेरॉक्साइड ही क्रिया सुरू करते आणि द्रवात मिसळलेला दुसरा एक घटक तिला वेग देतो. पूर्ण जोडली गेलेली साखळी शरीराला फारशी त्रासदायक नसते. म्हणून तर कवळी वर्षानुवर्षे तोंडात राहू शकते. त्रास देतो तो न जोडलेला, सुटा राहिलेला रेणू. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यावर उभा आहे.

६/
१९५४ मध्ये फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकी दंतवैद्याचे नख काम करताना तुटले, अशी या व्यवसायातील प्रसिद्ध कथा आहे. हाताशी कवळीचे ॲक्रिलिक होते. स्लॅकने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा आधार बोटाखाली धरला, त्यावर ॲक्रिलिकचे मिश्रण पसरवले आणि घट्ट झाल्यावर पत्रा काढून घेतला. तुटलेल्या नखाच्या जागी नवे नख उभे राहिले. पुढे थॉमस स्लॅक या भावाच्या साथीने ही कल्पना पेटंट आणि व्यवसायापर्यंत पोहोचली. नखाच्या टोकाखाली कागदी साचा चिकटवून त्यावर ॲक्रिलिक चढवण्याची आजच्या सलूनमधील पद्धत म्हणजे त्याच पत्र्याची वंशज होय.

७/
नवलाईसोबत तक्रारीही आल्या. १९५६–५७ च्या सुमारासच त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत ॲक्रिलिक नखांमुळे होणाऱ्या त्वचादाहाच्या नोंदी छापल्या जाऊ लागल्या. बोटांची कातडी लाल होणे, सुटणे, नखाखाली वेदना होणे, अशी लक्षणे त्यांत वर्णिली होती. म्हणजे आज घरगुती किटच्या संदर्भात जी ॲलर्जी चर्चेत असते, ती नवी नाही. नखांच्या जन्मानंतर दोन-तीन वर्षांतच ती वैद्यकाला ठाऊक झाली होती. पुढील काळात बदलत गेले ते तिचे बळी आणि ठिकाण.

८/
ॲक्रिलिक नख बसवणे हे प्रथमपासूनच कौशल्याचे काम होते. आधी नखाच्या मुळाशी आलेली पातळ कातडी मागे सारायची. नखाची चमक कानशीने हलकेच उतरवायची. नखावरचे तेल व ओलावा काढायचा, गरजेनुसार प्रायमर लावायचा. मग ब्रश द्रवात बुडवून भुकटीला टेकवला की टोकावर मिश्रणाचा एक मणी तयार होतो. तो नखावर ठेवून दाबत, ओढत, कातडीला न लागू देता पसरवायचा. मणी फार ओला असेल तर द्रव वाहून कातडीवर जातो. फार कोरडा असेल तर थर ठिसूळ होतो. घट्ट झाल्यावर पुन्हा कानस. हे सारे काही मिनिटांच्या मर्यादेत, कारण मिश्रण कोणासाठी थांबत नाही.

९/
बसवण्यापेक्षा राखणे अवघड. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत कृत्रिम थर पुढे सरकतो आणि मुळाशी मोकळी जागा दिसू लागते. ती भरून घ्यावी लागते. यालाच ‘रिफिल’ म्हणतात. थर कडेने सुटला असेल, तर सुटलेला भाग आधी काढावा लागतो. न काढता वरून भरले, तर फटीत ओलावा अडकतो, जिवाणू वाढतात आणि नख हिरवट पडते. नख काढायचे तर ॲसिटोनमध्ये भिजवून, संयमाने. उचकटून काढले, तर खालच्या खऱ्या नखाचे पापुद्रे सोबत निघतात. म्हणजे ॲक्रिलिक नख ही एकदाची खरेदी नसते. तो दर पंधरवड्याचा करार असतो आणि सलूनचा खरा धंदा त्या करारावर चालतो.

१०/
१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी जमा होऊ लागल्या : नखे विद्रूप झाली, गळून पडली, बोटांवर पुरळ उठले. चौकशीअंती बोट मिथाइल मेथाॲक्रिलेटकडे वळले. नखांसाठी विकल्या जाणाऱ्या काही मालांतील द्रव शंभर टक्के तोच होता. १९७४ मध्ये प्रशासनाने न्यायालयाचा मार्ग धरला. एका कंपनीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, काही ठिकाणी माल जप्त झाला, काहींनी तो स्वतःहून परत बोलावला. तथापि सौंदर्यप्रसाधनांत हा पदार्थ वापरण्यास बंदी घालणारा स्वतंत्र संघीय नियम झाला नाही. ही फट पुढे महागात पडली.

११/
एकाच घराण्यातला थोडा मोठा रेणू, इथाइल मेथाॲक्रिलेट, पर्याय म्हणून पुढे आला. तो महाग होता, परंतु नखाशी सोशिकपणे वागत होता. दोघांतील फरक समजून घेण्याजोगा आहे. मिथाइलचे नख अतिशय कडक असते. हात कुठे आपटला तर इथाइलचे कृत्रिम नख तुटते आणि खरे नख वाचते. मिथाइलचे कृत्रिम नख तुटत नाही, ते खऱ्या नखालाच मुळापासून उचकटते. शिवाय ते ॲसिटोनमध्ये सहजी विरघळत नाही. त्यामुळे ते चिकटवण्यासाठी खरे नख खूप घासावे लागते आणि काढण्यासाठी त्याहून अधिक. मजबुती हा दोष ठरू शकतो, याचे हे चमत्कारिक उदाहरण होय.

१२/
याच सुमारास दंतवैद्यकाच्या दुकानदारांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कवळीचे सामान विकत घेणारे काही ग्राहक दंतवैद्य नव्हतेच. ते नखांचे काम करणारे होते. १९७९ मध्ये दंतवैद्य स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम यांनी ‘क्रिएटिव्ह नेल डिझाइन’ ही कंपनी सुरू केली. १९८१ मध्ये जॉर्ज शेफर यांनी ‘ओडोन्टोरियम प्रॉडक्ट्स’ ही दंतसाहित्याची छोटी कंपनी घेतली. सूझी वाइस-फिशमन यांच्या साथीने तिने भुकटी, द्रव आणि प्रायमरच्या बाटल्या रबरबँडने एकत्र बांधून सलूनमध्ये विकायला आरंभ केला. त्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच आजचे ‘ओपीआय’. जगप्रसिद्ध नेलपॉलिशच्या या नावात अजूनही दंतवैद्याचा दवाखाना दडलेला आहे.

१३/
आता कथेचे सर्वांत मोठे वळण. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि दक्षिण व्हिएतनाममधून निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळ, वायमार येथील क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ‘होप व्हिलेज’ नावाची छावणी होती. हिचकॉकच्या चित्रपटांची नायिका टिप्पी हेड्रेन तेथे मदतीला येत असे. निर्वासित स्त्रियांना टंकलेखन, शिवणकाम असे काही शिकवावे, हा विचार चालू होता. त्या स्त्रियांचे लक्ष मात्र तिच्या नखांवर होते. हेड्रेनने आपली नखांची कारागीर तेथे बोलावली, जवळच्या सौंदर्यविद्यालयाशी बोलणे केले आणि २० स्त्रियांनी हे काम शिकून परवाना मिळवला.

१४/
नखेच का? उत्तर अर्थशास्त्रात आहे. प्रशिक्षण महिन्यांत पुरे होणारे, भांडवल थोडे, मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागणारे आणि कुटुंबासह चालवता येणारे असे हे काम होते. एक बहीण शिकली की ती दुसरीला शिकवी. एक सलून उभे राहिले की त्यातून तीन निघत. त्यांनी दर जवळपास निम्म्यावर आणले आणि श्रीमंतांची गणली जाणारी सेवा सामान्य पगारदार स्त्रीच्या आवाक्यात आली. आज अमेरिकेतील नखांच्या कारागिरांपैकी सुमारे निम्मे व्हिएतनामी वंशाचे आहेत आणि कॅलिफोर्नियात हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. घरी करण्यापेक्षा सलूनमध्ये जाणे परवडू लागले, ते या श्रमामुळे.

१५/
या लाटेचे ग्राहकही नवे होते. लॉस एंजेलिसमध्ये ऑलिव्हेट रॉबिन्सन ही आफ्रिकी-अमेरिकी स्त्री आणि चार्ली व्हो ही व्हिएतनामी स्त्री यांनी भागीदारीत ‘मॅनट्रॅप’ ही सलूनची साखळी उभारली. कृष्णवर्णीय वस्त्यांत लांब, रंगीत, नक्षीदार नखांची स्वतंत्र कला बहरली. बाहेरचा समाज तिच्याकडे नाक मुरडून पाहत होता. मग १९८८ आले. इंडियानापोलिसच्या निवड चाचणीत फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर हिने १०० मीटर अंतर १०.४९ सेकंदांत कापले आणि सेऊल ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. सारे जग तिच्या लांब, रंगवलेल्या नखांकडे पाहत होते. तिने एके काळी उदरनिर्वाहासाठी केस आणि नखे सजवण्याचे काम केले होते. लांब नख म्हणजे रिकामा हात, ही त्सशीच्या काळची समजूत त्या धावपट्टीवर कायमची निकालात निघाली.

१६/
परंतु दर खाली येत राहिले, तसा माल कुठला वापरावा हा प्रश्न तीव्र झाला. १९९० च्या दशकात स्वस्त सलूनमधून मिथाइल मेथाॲक्रिलेट परतले. ते इथाइलपेक्षा कितीतरी स्वस्त मिळत असे आणि दातांच्या कामासाठी त्याची विक्री कायदेशीरच होती. अनेक राज्यांनी आपापल्या परवाना मंडळांमार्फत त्यावर बंदी घातली, पण निनावी बाटलीतला द्रव तपासणार कोण? जाणकार गिऱ्हाइके खुणा सांगू लागली : उग्र, गोडसर दर्प, कानशीला दाद न देणारा कडकपणा, ॲसिटोनमध्ये तासभर ठेवूनही न सुटणारे नख. ज्या पदार्थाला १९७४ मध्ये न्यायालयातून हुसकावले होते, तो स्पर्धेच्या दाराने पुन्हा आत शिरला.

१७/
सलूनमध्ये गिऱ्हाईक तासभर बसते. कारागीर दहा तास बसते. टेबलाच्या एका बाजूला असते नख. दुसऱ्या बाजूला असते फुप्फुस. कानशीची बारीक धूळ आणि द्रवाची वाफ सर्वांत आधी वाकून काम करणाऱ्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने उपाय सुचवला : हवा खालच्या बाजूने खेचून घेणारे टेबल. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात कारागिरांच्या आरोग्यासाठी ‘हेल्दी नेल सलून कोलॅबरेटिव्ह’ हा संघटित प्रयत्न सुरू झाला. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने घातक घटक टाळणाऱ्या सलूनना अधिकृत मान्यता देण्याची योजना आखली. या चळवळींनी मांडलेला मुद्दा सोपा होता : गिऱ्हाइकाचे स्वस्त नख कारागिराच्या श्वासातून वसूल होऊ नये.

१८/
मे २०१५ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने सॅरा मॅस्लिन नीर यांची शोधमालिका छापली. न्यू यॉर्कच्या सलूनमधील कोरियन, चिनी, नेपाळी आणि लॅटिन अमेरिकी स्त्रियांचे अपुरे वेतन आणि आजार तिच्यात मांडले होते. सलूनमालकांनी तिच्या काही निष्कर्षांना जोरदार हरकत घेतली. तरीही काही दिवसांतच राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी तातडीच्या उपायांचे आदेश काढले आणि २०१६ मध्ये सलूनच्या वायुवीजनाचे नियम आले. या प्रकरणाने वाचकांसमोर एक अवघड प्रश्न ठेवला : स्वस्त सलूनवर बहिष्कार टाकावा, तर तिथल्या स्त्रीची मजुरीच बुडते, न टाकावा, तर व्यवस्था चालू राहते. कित्येकींनी त्यातून सोपी वाट काढली : सरळ घरी करावे.

१९/
पण घर म्हणजे निर्धोक जागा नव्हे, हे त्याआधीच एका दुर्घटनेने दाखवून दिले होते. १९८० च्या दशकात घरगुती नखे आणि ती सोडवण्याचे द्रव अमेरिकी दुकानांत सर्रास मिळत. नेलपॉलिश काढण्याच्या ओळखीच्या द्रवात ॲसिटोन असे. कृत्रिम नखे सोडवण्याच्या काही द्रवांत मात्र ॲसिटोनायट्राइल असे. नावे भावंडांसारखी, स्वभाव निराळे. दुसरा पदार्थ पोटात गेल्यावर शरीर त्याचे हळूहळू सायनाइड करते आणि लक्षणे काही तास दिसतच नाहीत. असे द्रव पोटात गेल्याने १६ महिन्यांचे एक मूल दगावल्याचा अहवाल १९८८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर अशा द्रवांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणे सक्तीची झाली.

२०/
दुसरा धडा प्रायमरचा. थर पक्का बसावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही प्रायमरमध्ये मेथाॲक्रिलिक आम्ल असे. सलूनच्या फळीवर ठेवलेली ती छोटी बाटली घराच्या ड्रेसिंग टेबलावर आली आणि लहान मुलांच्या हाती लागू लागली. तोंड, हात भाजल्याच्या घटना घडल्या. १९९९ मध्ये अमेरिकेने ५ टक्क्यांहून अधिक मेथाॲक्रिलिक आम्ल असलेल्या घरगुती मालालाही तसेच झाकण सक्तीचे केले. सलूनच्या सुरक्षेचा कायदा कामगाराच्या हवेचा विचार करतो. घराच्या सुरक्षेचा कायदा मुलाच्या हाताचा. पदार्थ तोच, पण भिंती बदलल्या की धोक्याचा धनी बदलतो.

२१/
२०१० च्या सुमारास जेलपॉलिश लोकप्रिय झाले. ‘क्रिएटिव्ह नेल डिझाइन’चे ‘शेलॅक’ त्याच वर्षीचे. येथे भुकटी नाही, दर्प कमी, आणि घट्ट करण्याचे काम दिव्याच्या अतिनील प्रकाशाकडे. पण रसायनाचे घराणे ॲक्रिलिकचेच. दिवा आणि जेल एकमेकांना अनुरूप नसतील किंवा थर जाड असेल, तर वरची साय घट्ट होते आणि खालचा भाग अर्धवट राहतो. डोळ्यांना नख तयार दिसते. आत सुटे रेणू शिल्लक असतात. त्यात उलट्या हाताने काम करताना जेल कातडीला लागतेच. ‘सुटा रेणू त्रास देतो’ हे कवळीच्या काळचे वाक्य येथे पुन्हा खरे ठरते.

२२/
ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. ब्रिटन आणि आयर्लंडमधील १३ रुग्णविभागांत तपासलेल्या ४,९३१ रुग्णांपैकी २.४ टक्के व्यक्तींना मेथाॲक्रिलेट गटातील किमान एका रसायनाची ॲलर्जी आढळली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. घरगुती किटचा उल्लेख या इशाऱ्यात ठळकपणे होता. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते आणि दातांतील पांढरे भरण, सांधेरोपण, मधुमेहाची काही उपकरणे यांबाबतही अडचण येऊ शकते. कारण त्यांतही हीच रसायने असतात. दंतवैद्याच्या खुर्चीजवळ जन्मलेले नख काहींना त्याच खुर्चीपासून दूर ठेवू लागले.

२३/
२०२० मध्ये महासाथीने सलूनची दारे बंद केली. मे महिन्यात कॅलिफोर्नियाचे राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी राज्यातील सामाजिक संसर्गाचा आरंभ नखांच्या सलूनमधून झाल्याचे विधान केले. आधीच हातावर पोट असलेल्या व्हिएतनामी समाजाला ते फार लागले. त्याच महिन्यांत चिकटवायची नखे, डिप पावडर, दिव्यासह मिळणारी किट घरोघर पोहोचली. जे कौशल्य शिकण्यासाठी १९७५ मध्ये २० स्त्रिया विद्यालयात गेल्या होत्या, ते आता काही मिनिटांच्या चित्रफितीत बसवले जाऊ लागले. हालचाली त्या चित्रफितीत दिसत होत्या. मण्याचा ओलावा, कातडीपासूनचे अंतर, हवेचा झोत या गोष्टी दिसत नव्हत्या.

२४/
युरोपीय संघाने या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. जेलमध्ये सर्रास आढळणाऱ्या ‘हेमा’ या मोनोमरवर २०२० मध्ये नियम झाला आणि २०२१ मध्ये तो लागू झाला : नखांसाठीच्या मालात तो केवळ व्यावसायिकांच्या वापरासाठी असावा आणि वेष्टनावर ॲलर्जीचा इशारा छापलेला असावा. १ सप्टेंबर २०२५ पासून जेल घट्ट होण्यास मदत करणाऱ्या ‘टीपीओ’ या घटकावर तर पूर्ण बंदी आली. म्हणजे एका पदार्थासाठी घर आणि सलून यांच्यात कायद्याने रेघ ओढली. दुसऱ्यासाठी दोन्ही दारे बंद केली. मात्र ऑनलाइन बाजार ती रेघ सहज ओलांडतो. ‘व्यावसायिक वापरासाठी’ ही सूचना मालाच्या दर्जाची पावती समजून विकत घेणारेही कमी नाहीत.

२५/
आता मूळ प्रश्नाकडे. सलूनमध्ये धोक्याची वाटणी होते : गिऱ्हाइकाचे नख पणाला लागते, कारागिराचे आरोग्य. घरी ही वाटणी संपते. तेथे एकच स्त्री गिऱ्हाईकही असते आणि कामगारही. कानशीची धूळ तीच घेते, कातडीला लागलेला द्रव तिच्याच बोटावर राहतो, परवाना नसतो, हवा खेचणारे टेबल नसते, आणि पाच बोटे तर उलट्या हातानेच करावी लागतात. घरी वाचतात ते पैसे म्हणजे बऱ्याच अंशी त्या कारागिराची मजुरी, तिचे शिक्षण आणि तिने सोसलेली वाफ यांची किंमत असते. ती किंमत नाहीशी होत नाही; देणारी व्यक्ती तेवढी बदलते.

२६/
म्हणून ‘घर की सलून’ यापेक्षा इतिहास वेगळे प्रश्न विचारायला शिकवतो. बाटलीवर घटक लिहिले आहेत का? द्रव मिथाइल आहे की इथाइल? मिश्रण कातडीला लागते आहे का? खोलीत वारा खेळतो आहे का? नख भिजवून काढले जाते की उचकटून? या प्रश्नांची चांगली उत्तरे देणारे घर असू शकते आणि वाईट उत्तरे देणारे झगमगीत सलूनही असू शकते. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ‘नेल एक्स्टेंशन’च्या पाट्या दिसतात आणि किट कुरियरने थेट घरी येते. सत्तर वर्षांत ॲक्रिलिकचा एक गुण मात्र बदललेला नाही : ते घट्ट व्हायला काही मिनिटे घेते आणि त्या मिनिटांत ते कोणाच्या हाताला लागते, कोणाच्या श्वासात जाते, यावर त्याची खरी किंमत ठरते.

(थ्रेड समाप्त)